एका रेशनकार्डावरच्या दोघी

चाळीस वर्षं मी संगमनेरात लोकांना त्यांच्या मरणानंतरच्या गोष्टी विचारून पोट भरलं. पाटीवर ‘दिवाणी व कौटुंबिक’ असं लिहिलेलं होतं, पण तालुक्यात मला ‘मृत्युपत्राचे वकील’ म्हणत. एखाद्या घरी मी सहज चहाला गेलो, तरी शेजारपाजारचे लोक आत कोण आजारी आहे ते बघायला यायचे.

संपादकांनी मागितलंय ‘कोर्टातल्या गमती’. गमती आहेत, त्या सांगतो. पण त्यांतली एक गंमत मी स्वतः केलेली आहे, तिने दोन बायकांची अर्धी आयुष्यं खाल्ली, आणि ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही. दिवाळी अंकाच्या वाचकांना फराळाबरोबर हे जड वाटेल, त्याला माझा इलाज नाही.

आधी धंदा समजावून सांगतो. आमच्याकडे मुख्यतः दोन कागद चालत. एक हक्कसोडपत्र. बाप गेल्यावर बहिणी भावाच्या नावे आपला हिस्सा सोडतात, तो कागद. त्यात ‘प्रेमापोटी, विनामोबदला व कोणाच्याही दडपणाशिवाय’ असं एक वाक्य असतं. ते मी लिहीत असताना भाऊ बहिणीच्या खांद्याशी उभा असायचा आणि ‘ताई, हितं. आता हितं,’ असं म्हणत सहीच्या जागेवर बोट ठेवत जायचा. मग सगळे नोंदणी कार्यालयातून बाहेर पडून स्टँडजवळ मिसळ खायचे. बहिणींच्या अंगावर नव्या साड्या असायच्या. दडपणाचा कुठे मागमूस नसायचा.

दुसरा कागद मृत्युपत्र. त्याला फार काही लागत नाही. लिहून देणारा शुद्धीवर हवा, दोन साक्षीदार हवेत, आणि कुणाला काय द्यायचं ते स्पष्ट हवं. कोपरगावकडचे एक ऊसवाले अण्णा दर वर्षी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप संपलं, की माझ्याकडे यायचे. “औंदा थोरल्याचं नाव काढा. लई माजलाय.” पुढच्या वर्षी थोरल्याचं घालायचं, मधल्याचं काढायचं. तिन्ही मुलगे आणि तिन्ही सुना त्यांना तळहातावर झेलत. कारण या वर्षी आत कोण आणि बाहेर कोण, हे अण्णा आणि मी सोडून कुणाला ठाऊक नसे. मृत्युपत्राचा खरा उपयोग माणूस जिवंत असतानाच होतो, हे मला त्यांनी शिकवलं.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट मला एका शिक्षिकेने शिकवली. मी ती शिकलो नाही, हा भाग वेगळा. या बाई आणि सरकारी दवाखान्यातल्या एक नर्स पंचवीस-तीस वर्षं एका घरात राहत होत्या. दोघींची लग्नं झालेली नव्हती. दोघींना एकमेकींच्या नावे मृत्युपत्रं करायची होती. मी पेन सरसावून विचारलं, “नातं काय लिहू? मैत्रीण? मानलेली बहीण?”

बाईंनी वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. “तुम्ही वकील आहात, भटजी नाही. नात्याची जागा मोकळी सोडा. ओळख पक्की लिहा.”

आणि त्यांनी ओळख स्वतः सांगितली. जन्माचं नाव, वडलांचं नाव, जन्मगाव, शाळेच्या दाखल्यावरची तारीख, दोघींचे फोटो चिकटवून त्यावर सह्या, आणि कुठल्या सालापासून एका घरात राहतो ते. पुढे बाई वारल्या. त्यांचा भाचा घराचा ताबा घ्यायला पुण्याहून आला, माझ्या टेबलाशी बसून तो कागद त्याने दोनदा वाचला, पाणी प्यायला आणि परत गेला. नर्सबाई त्याच घरात राहिल्या.

त्यानंतर दोनच वर्षांनी माझ्याकडे सखाराम मृत्युपत्र करायला आला, आणि मी नेमकं उलटं केलं. नातं पक्कं लिहिलं आणि ओळख मोकळी सोडली.

सखाराम प्रवरेकाठच्या एका गावचा. चार एकर, विहीर, तीन खोल्यांचं घर. त्याचं लग्न पाथर्डी भागातल्या मुलीशी झालं होतं. तिला इथे लक्ष्मी म्हणू. (नावं मी बदलली आहेत. नाव बदलण्याचा माझा पूर्वानुभव फार वाईट आहे, तरीही.) दुसऱ्या दिवाळीला ती माहेरी गेली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सासरचं माणूस न्यायला गेल्याशिवाय तिने परत यायचं नव्हतं. सखारामचं म्हणणं, तिचा भाऊ आपल्याला टाकून बोलला, आधी त्याने माफी मागावी. भावाचं म्हणणं, न्यायला आलात तर बहीण पाठवतो. दोघेही मानी निघाले. तिला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. न्यायला कुणी गेलं नाही, फारकतही कुणी घेतली नाही. लक्ष्मी भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जाऊ लागली.

चार वर्षांनी सखारामच्या वावरात कांदे काढायला एक विधवा बाई आली. तिला चंद्रभागा म्हणू. ती कांद्याच्या हंगामापुरती आली होती, ती राहिलीच. लग्न होणं शक्य नव्हतं, पहिलं मोडलेलं नव्हतं. गावानेही वर्षभर कुजबुजून घेतलं आणि मग सवय करून घेतली.

सखाराम तिला घेऊन पहिल्यांदा माझ्याकडे आला तो रेशनकार्डासाठी. चंद्रभागेचं नाव कार्डावर घालायचं होतं.

“साहेब, हिचं नाव चढवायचं, तर पयल्या बायकूचं कमी करा म्हनत्यात. ती न्हाई म्हनून दाखला आना, हिच्या लग्नाचा दाखला आना. कुटनं आनू?”

मी कार्ड बघितलं. सखाराम, त्याची म्हातारी आई, आणि तिसरं नाव लक्ष्मीबाई सखाराम, नातं पत्नी. फोटो त्या काळी नसायचा. मला एकदम तोडगा सुचला. तरुण होतो, हुशार म्हणवून घ्यायचो.

“कार्डावर बायको आहे ना? घरात बायको आहे ना? मग नाव बदलायची यातायात कशाला? हिनेच लक्ष्मीबाई व्हावं. तसंही आपल्यात लग्नात बायकोचं नाव बदलतातच.”

सखाराम खूश झाला. “बगा! म्हनून शिकल्याल्या मानसाकडं यावं.”

चंद्रभागा बाकावर बसली होती. ती एवढंच म्हणाली, “दुसरीचं नाव कसं लावायचं?”

“कागदापुरतं,” मी म्हणालो.

कागदापुरतं! मतदार यादीत ती लक्ष्मीबाई झाली. बचतगटाच्या वहीत झाली. गॅसच्या पुस्तकावर झाली. पुढे आधार आलं, ते रेशनकार्डावरून निघालं, तिथेही झाली. दरम्यान दोन प्रतिज्ञापत्रं लागली, ती मी केली आणि खाली ‘वरील लक्ष्मीबाई यांना मी व्यक्तिशः ओळखतो’ असं लिहून सही ठोकली.

मृत्युपत्राच्या दिवशी सखारामचा दमा वाढलेला होता. आई केव्हाच गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्याला चंद्रभागेची काळजी होती. तो गेल्यावर कायद्याने सगळं पहिल्या बायकोचं होणार, हे मीच त्याला सांगितलं होतं. त्यामुळे हा एक कागद सोडला तर चंद्रभागेला त्या घरात राहायला दुसरा कसलाच आधार नव्हता.

इथे मला नर्सबाईंचा कागद आठवायला हवा होता. ‘चंद्रभागा, अमक्याची मुलगी, अमक्याची विधवा, कागदोपत्री लक्ष्मीबाई या नावाने वावरते, माझ्याशी लग्न झालेलं नाही, इतकी वर्षं माझ्या घरात राहते, माझी पहिली पत्नी हयात आहे आणि तिला मी अमुक कारणाने काही देत नाही.’ एवढं लिहिलं असतं तर ब्रह्मदेवाला कागद हलवता आला नसता. लग्न न झालेल्या बाईला आपल्या मालकीची मिळकत देऊ नये, असं कुठलाही कायदा म्हणत नाही.

पण सखाराम संकोचला. “साहेब, कागदावर तसलं नगा लिवू. तिला वाईट वाटंल.” आणि खरं सांगायचं तर माझाही हात अडला. माझ्या मृत्युपत्रांच्या भाषेचं वकिलांत कौतुक होतं. मी लिहिलं : ‘माझी पत्नी लक्ष्मीबाई, जिने माझ्यासाठी आयुष्यभर सोसले, तिचे उतराई होण्यासाठी मी माझी सर्व मिळकत तिला देत आहे.’ वाचून दाखवलं तेव्हा सखारामच्या डोळ्यांत पाणी आलं. चंद्रभागेने पदर तोंडाला लावला. मीही स्वतःवर खूश झालो. साक्षीला त्याचा एक शेजारी आणि एक चुलतभाऊ होता.

तीन वर्षांनी सखाराम गेला. तेराव्याच्या आत पाथर्डीहून लक्ष्मीचा भाऊ बहिणीला घेऊन हजर झाला. सखारामच्या चुलतभावांनीच निरोप धाडला होता. बाहेरून आलेल्या बाईपेक्षा लांब राहणारी बाई त्यांना सोयीची होती. शेजारी साक्षीदार आधीच वारला होता. साक्षीदार चुलतभावाची स्मृती जमिनीच्या बाजूला झुकली. तो म्हणाला, मी फक्त सही केली, कागद कुणासाठी ते मला माहीत नाही.

चंद्रभागेने दावा लावला. मी साक्षीदार होणार असल्याने तिचं वकीलपत्र दुसऱ्याने घेतलं. समोरच्या वकिलांनी मृत्युपत्र खोटं आहे, असं म्हटलंच नाही. ते म्हणाले, कागद अगदी खरा आहे आणि आमच्याच नावाचा आहे! पत्नी लक्ष्मीबाई ही बघा, लग्नपत्रिका ही बघा. नवऱ्याने टाकलेल्या बाईने आयुष्यभर सोसलंच की. शेवटी बिचाऱ्याला पश्चात्ताप झाला. माझं ते गाजलेलं वाक्य त्यांनी कोर्टात इतकं सुंदर वाचलं की माझ्याही अंगावर काटा आला.

आता सगळं माझ्या साक्षीवर होतं.

मला पिंजऱ्यात विचारलं, “मृत्युपत्राच्या दिवशी मयताबरोबर कोण बाई आली होती? या दोघींपैकी कुणी?”

दोघी समोरच्या बाकावर बसलेल्या. मी चंद्रभागेकडे बघितलं, आणि पुढचे प्रश्न मला दिसू लागले. तिचं खरं नाव तुम्हाला माहीत होतं? मग प्रतिज्ञापत्रावर ओळख कशी दिली? दुसरीचं नाव लावायला तिला कुणी सांगितलं? सनदेचा प्रश्न होता. त्याच महिन्यात ‘ज्येष्ठ विधिज्ञ’ म्हणून माझा सत्कार ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

मी म्हणालो, “बऱ्याच वर्षांची गोष्ट आहे. नक्की सांगता येणार नाही.”

दावा फेटाळला गेला. माझा सत्कार झाला. शाल चांगली होती.

निकालानंतर आठवड्याने चंद्रभागा माझ्या घरी आली. हातात निकालाची नक्कल. “तेवढं वाचून सांगा, साहेब. आमचे वकील घाईत हुते.”

मी वाचलं. जिथे तिला ‘तोतया’ म्हटलं होतं तिथे मी गुळमुळीत काहीतरी बोललो. माझ्या बायकोने चहा दिला. चंद्रभागा तो बशीत ओतून सावकाश प्यायली.

“वय झालं की इसरतं मानूस,” ती म्हणाली. “आमचे ह्ये बी शेवटी लई इसरायचे. जेवलो का न्हाई त्ये इसरायचे. बैल इकला त्ये इसरायचे. पर मला कदी इसरले न्हाई.”

मी निकालाची पानं जुळवत बसलो.

“तुमाला माजा चेहरा बी आठवंना, साहेब? आवो, मी तुमच्या म्होरं बसून रडलेवते.”

ती रागावली असती तर मी वकिली केली असती. तिने कपबशी विसळून ठेवली आणि गेली. बायकोने मला विचारलं, “तुम्हाला आठवत नाही?” मी म्हणालो, “आठवतं.” तिनेही पुढे काही विचारलं नाही. या घरात माझी उलटतपासणी कुणी घेतच नव्हतं, हा मोठा त्रास होता.

चंद्रभागेने अपील केलं होतं, आणि अपील चालेपर्यंत तिला घरातून काढू नये एवढा हुकूम मिळाला होता. मी सनद परत करून टाकली, म्हणजे ती जाण्याची भीती उरली नाही. हे धाडस नव्हतं. दात पडल्यावर उपवास करण्यातला प्रकार होता. मग वरच्या कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं. मृत्युपत्रातली लक्ष्मीबाई म्हणजे चंद्रभागा. ते नाव लावायचा सल्ला माझा. मागच्या साक्षीत मी खरं सांगितलं नाही. कोर्टाने पुन्हा साक्ष घेतली.

समोरच्या वकिलांनी विचारलं, “तेव्हा खोटं बोललात की आता?”

“तेव्हा.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोलू शकता.”

“चाळीस वर्षं वकिली केली,” मी म्हणालो. कोर्टात हशा पिकला. मला हसू आलं नाही.

बाहेर व्हरांड्यात आलो तर लक्ष्मी वाट अडवून उभी. उसाच्या पाचटाने हात चिरलेले, नवरा गेल्यावरही कपाळाला कुंकू. मला वाटलं, ही शिव्या देणार.

“वकीलदादा, मपलं नाव हिला लावायचं त्वा सांगितलं व्हय?”

“हो, बाई.”

“आन् म्या तिकडं रेशनकार्डासाठी हेलपाटं घालू घालू मेले की रं! जाईन तवा म्हनायचे, तुमचं नाव सासरच्या कार्डावर हाय, आधी तितून कमी करून आना. आता मला कोन कमी करनार? लिवून देनाऱ्या नवऱ्यानं तर दुसरी लक्ष्मी करून ठिवलेली! ईस वर्सं भावजयीच्या कार्डावर खाल्लं म्या. घासागनिक बोलनं ऐकलं.”

इतकी वर्षं मी एका बाईचा अपराध उशाशी घेऊन झोपत होतो. दुसऱ्या बाईचा मला पत्ताच नव्हता. कार्डावरचं नाव कमी करणं ही जी यातायात मी हुशारीने वाचवली होती, ती इकडे वाचली आणि तिकडे पाथर्डीत वीस वर्षं पुरली.

चंद्रभागा चार पावलांवर होती. ती पुढे आली. “बाई, मला ठावं नव्हतं वो.”

“तुला काय ठावं असायचं? तू बी वझंच वाहिलंस. माजं नाव बी वाहिलंस.” मग लक्ष्मी भावाकडे वळली. भाऊ मोबाईलवर बोलत होता. “त्यो म्हनतो, जमीन घेऊ. घेनार कोन? सही माजी, नांगर त्येचा.”

तडजोड कोर्टाने सुचवली असं नोंदीत आहे. खरं तर ती त्या व्हरांड्यात झाली, आणि ती करणाऱ्यांत एकही वकील नव्हता. घर आणि विहिरीजवळचे दोन एकर चंद्रभागेला, रस्त्याकडचे दोन एकर लक्ष्मीला. लक्ष्मीची एकच अट होती : तिचं नाव तिला परत पाहिजे. कार्डावरून, यादीतून, सगळीकडून दुसरीने ते सोडायचं. भाऊ खूप ओरडला. लक्ष्मी म्हणाली, “तवा न्यायला कुनी येईना तर तू सोडायला आला असतास, तर आज आसं झालं असतं का?” त्याने मोबाईल खिशात घातला.

दोन्ही वकिलांनी मसुदा मला लिहायला सांगितला. बहुधा गंमत म्हणून. मी त्यात एकही सुंदर वाक्य घातलं नाही. चंद्रभागा, जन्म कुठला, कुणाची मुलगी, कुणाची विधवा, सखारामबरोबर लग्नावाचून इतकी वर्षं राहिली. लक्ष्मीबाई, सखारामची लग्नाची बायको, इतकी वर्षं माहेरी राहिली, न्यायला कुणी गेलं नाही. दोघींना वाचून दाखवलं. दोघींनाही वाईट वाटलं नाही.

सह्यांच्या वेळी कारकुनाने शाईचा पॅड पुढे केला. लक्ष्मीला लिहिता येत नव्हतं, तिने अंगठा दिला. चंद्रभागेपुढे मी पेन धरलं. तिने ते घेतलं, कागदावर टेकवलं आणि थांबली.

“काय झालं?”

“सई येती मला. बचतगटात शिकवलीवती. झ्याक येती.” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “पर हिच्या नावाची येती. माज्या नावाची कदी शिकलेच न्हाई.”

लक्ष्मी कागदावर वाकून बघत होती. “बघा! मपली सही मला येत न्हाई, हिला येती.” आणि ती हसली. चंद्रभागाही हसली. कारकुनाला कळेना की या दोघी एकमेकींविरुद्ध कोर्टात आल्यात की बरोबर.

चंद्रभागेने पेन खाली ठेवलं आणि अंगठा पॅडवर दाबला. सही येत असून अंगठा लावणारी ती माझी पहिली आणि शेवटची पक्षकार.

अंगठा असला की खाली ओळख द्यावी लागते. दोघींनाही ओळखणारा माणूस तिथे मी एकटाच होतो. मी आधी दोघींच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग लिहिलं, दोघींची नावं पुन्हा एकदा तपासली, आणि सही केली.